चपला घालून आत या

नव्या प्रशासकीय इमारतीत कचेरी हलली, त्या पहिल्याच दिवशी मी काचेच्या बंद दारावर नाक फोडून घेतलं. दार उघडं आहे, असं मला वाटलं होतं.

दोन्ही हातांवर फायलींचा गठ्ठा, गठ्ठ्यावर हनुवटी, अशा थाटात मी तरातरा निघालो होतो. धडक बसल्यावर फायली एकीकडे गेल्या, चष्मा दुसरीकडे, आणि मी जिथल्या तिथे खाली बसलो. काचेला काही झालं नाही. आदल्या दिवशी उद्घाटनाच्या भाषणात पाहुणे म्हणाले होते की ही काच म्हणजे पारदर्शक कारभाराचं प्रतीक आहे, आणि पहिल्या टाळ्या माझ्याच होत्या. आता त्या प्रतीकावर माझ्या नाकाकपाळाचा तेलकट ठसा उमटला. आमचा शिपाई रज्जाकभाई पुढे कितीतरी दिवस तो ठसा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. "हे आमचे अव्वल कारकून," म्हणायचा, "अन् हे त्यायचं नाक."

आवाज ऐकून सगळे धावले. नाझरबाई धावल्या नाहीत. त्या कधीच धावत नसत. आपल्या चालीनं आल्या, फडकं ओलं करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "मान वर नोका करू, खाली करा. रक्त घशात जाईन." मग माझ्याकडे पाठ करून त्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ. जखमी मी होतो, पण तपासणी दाराची चालली होती.

"भाऊ, तुमाले इथलं दार दिसलं नाई," त्या म्हणाल्या, "तर गावाच्या मानसाले काय दिसन? मी उद्यापासून रजेवर जाऊन राह्यली. पोरीचं बाळंतपण हाये ऊर्जानगरले. दारावर काईतरी लावून ठेवा. काईबी लावा, पन डोयाले दिसलं पायजे."

त्या 'काईबी'मुळे पुढचं सगळं घडलं. ते सांगतोच. पण आधी नाझरबाई सांगायला हव्यात, नाहीतर त्या चपलांचं प्रकरण नुसताच विनोद वाटेल.

तहसील कचेरीत नाझर म्हणजे घरातली थोरली जाऊ. खुर्च्या, कपाटं, किल्ल्या, माठ, झेंडा, साहेबांच्या खिडकीचा पडदा, छपरावरची माकडं, सगळं त्यांच्याकडे. नाव वनमालाबाई, पण ते फक्त पगारपत्रकाला माहीत. गावाचं नाव मी घेत नाही. घेतलं तर कचेरीतली अर्धी माणसं ओळखू येतील आणि उरलेल्यांना आपला उल्लेख नाही म्हणून राग येईल. सावली गावाकडून वैनगंगेच्या अंगाला जाताना धानाच्या बांध्या संपून जिथे जंगल जवळ येतं, तिथलं तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे.

आमची जुनी कचेरी टेकाडावर. दगडी जोतं, सागवानी खांब, कवेलूंचं उतरतं छप्पर आणि समोर रुंद पायऱ्या. तालुक्यात दुसरं काही उंच नव्हतंच. एसटीच्या थांब्याचं नाव कचेरी, आठवडी बाजाराचं नाव कचेरीचा बाजार. कोणी नवा ट्रॅक्टर घेतला की आधी मारुतीपुढे नारळ फुटायचा आणि मग ट्रॅक्टर कचेरीसमोर एक चक्कर मारून जायचा. का, ते कोणाला विचारलं तर सांगता येत नसे. सरकारला दाखवलेलं बरं, एवढंच. पोळ्याला बैल तिथेच. भावाभावांत भांडण झालं की एकजण शेताच्या धुऱ्यावर उभा राहून त्या टेकाडाकडे बोट करायचा. एवढ्यानं समोरचा गप्प व्हायचा.

आणि त्या पायऱ्यांपाशी माणसं चपला काढायची.

कोणी सांगितलं नव्हतं. पाटी नव्हती. खालच्या पायरीशी आलं की पाय आपोआप चपलेतून निघायचा, जसा देवळात निघतो. टायरच्या, रबरी, कातडी, एक अंगठा शिवलेल्या, दोन्ही अंगठे शिवलेल्या. पावसाळ्यात धानाच्या रोवणीचा चिखल लागलेल्या. त्या ढिगावरून आज गर्दी किती ते कळायचं.

मी नोकरीच्या पहिल्या दिवशी हजर व्हायला आलो, तेव्हा नवे कोरे बूट घातले होते. लेस कशा बांधायच्या हे मोठ्या भावानं शिकवलं होतं. सोडायच्या कशा ते नव्हतं. मी पायरीशी बसून गाठ सोडवत होतो. गाठ सुटेना, म्हणून दातानं ओढायला वाकलो, तेव्हा वरून आवाज आला.

"काय करून राह्यले?"

वर एक बाई. अंगानं धट्टीकट्टी, पायात पुरुषी घाटाच्या जाड काळ्या चपला, हातात जेवणाचा डबा. मी म्हटलं, "बूट काढतो आहे. नोकरीवर हजर व्हायचंय."

"हे देऊळ व्हय का?"

"नाही."

"मंग घाला. अन् तोंडानं बुट काऊन खाता? भूक लागली असन तं समोर हाटेल हाये."

ही आमची पहिली भेट. त्या तेव्हा अजून नाझर नव्हत्या, नाझरांच्या हाताखाली होत्या, पण किल्ल्या तेव्हाही त्यांच्याकडेच. मधे माझ्या बदल्या झाल्या, चार घाटांचं पाणी पिऊन मी पुन्हा त्याच कचेरीत आलो, तर त्या तिथेच होत्या आणि तेच करत होत्या. येता-जाता पायऱ्यांपाशी थांबायच्या आणि खाली बघून म्हणायच्या, "घाला बाबा, घाला. चपला घालून आत या." आवाजात प्रेमबिम काही नाही. बसचा कंडक्टर 'पुढं सरका' म्हणतो तसं. म्हातारी माणसं ऐकायची नाहीत. मग बाई खाली उतरायच्या, त्यांच्या चपला स्वतः उचलायच्या आणि वर नेऊन त्यांच्यापुढे ठेवायच्या. बाईमाणसानं, त्यातही सरकारी बाईनं, आपल्या चपलेला हात लावला म्हटल्यावर म्हातारा घाबरून त्या लगेच पायात घालायचा. पुढच्या खेपेला तो मुकाट घालूनच यायचा. अशी एकेक करून त्यांनी अख्ख्या तालुक्याची सवय मोडली होती. पुढे पुढे पायरीपाशी ढीग दिसेनासाच झाला.

यामागे काहीतरी करुण गोष्ट असणार, असं मी धरून चाललो होतो. वडील गरीब असतील, वैशाखात कचेरीत आले असतील, बाहेर चपला चोरीला गेल्या असतील, तापलेल्या रस्त्यानं अनवाणी घरी गेले असतील, लहानग्या वनमालेनं ते पाहिलं असेल. गोष्ट इतकी छान जमली होती की तिची खात्री करून घ्यायची मला गरजच वाटली नाही. तिचं मी पुढे काय केलं तेही येईलच.

बाईंच्या सवयी सांगायच्या तर आधी त्यांचा डबा. खालच्या दोन खणांत तिखट भाजी आणि पोळी. वरच्या खणात कचेरीच्या किल्ल्या. "चोर तिजोरी पाह्यन, कपाट पाह्यन," म्हणायच्या, "बाईमानसाचा डबा कायले उघडन?" हिशेब बरोबर होता. त्यात मी धरलेला नव्हतो. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी घाईत मी माझा समजून त्यांचा डबा घेऊन गेलो. सकाळी झेंडावंदनाला सगळी कचेरी, शाळेची पोरं, पोलीस, सगळे रांगेत. साहेब घड्याळ बघताहेत. झेंडा कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या सायकलच्या हँडलला लटकत रमतगमत येते आहे. फाटकातून मला बघितल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "भाजी ठेवली का खाल्ली?" मी खाल्ली होती. त्यानंतर रोज कचेरी सुटताना त्या मला सगळ्यांसमोर विचारायच्या, "भाऊ, डबा कोनाचा?" मी उघडून दाखवायचो. साहेब बदलले, तरी हा प्रश्न बदलला नाही. नवे साहेब सुरुवातीला समजायचे की डबे तपासायची इथली पद्धत आहे. एकानं तर स्वतःचाही उघडून दाखवला.

जुन्या इमारतीला त्या 'म्हतारी' म्हणायच्या. जाता-येता सागवानी खांबांवर बोटाच्या पेरानं टकटक करायच्या आणि कान लावायच्या. वाळवी आतून कोरते, आवाज पोकळ येतो. सामानाची मोजदाद करताना मोडक्या खुर्चीलाही लाथ न मारता हातानं सरकवायच्या. एखादी वस्तू सापडली नाही की दुसरा कारकून घाम पुसत सबबी जुळवायचा. बाई तपासणीवाल्या साहेबांना सांगायच्या, "हाये ते हाये. नाई ते नाई. समोर चाला."

नव्या इमारतीला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून 'दवाखाना' म्हटलं. गावाबाहेर, हमरस्त्याला लागून, तीन मजली, पांढऱ्या चकचकीत फरशीची. फरशीत तोंड दिसायचं. बांधकाम चालू असताना आम्ही सगळे बघायला गेलो होतो. मी माझं टेबल कुठे येईल आणि पंखा त्याच्या किती जवळ, हे बघत होतो. बाई फरशीकडे बघत होत्या.

"हे पाहून लोकं पुन्हा चपला काढतीन," त्या म्हणाल्या.

"काढल्या तर काढल्या, बाई. फरशी स्वच्छ राहील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याकडे पाहिलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. बाकीचे निवृत्तीला आले की पेन्शनचं बोलतात, घराच्या स्लॅबचं बोलतात. यांचं एकच चाललं होतं. "म्हतारीच्या पायरीवर आयुष्य गेलं माहं तेच सांगण्यात," असं त्या एकदा रज्जाकभाईला म्हणाल्या. "आता ह्या दवाखान्यात लोकं चपला घालून सुधे चालत येतात का नाई, तेवढं पाहून जातो घरी."

आणि अशा वेळी मी नाक फोडून घेतलं, त्या ऊर्जानगरला गेल्या आणि दार माझ्यावर सोपवून गेल्या.

काहीतरी लावायचं होतं. सामानाच्या गठ्ठ्यात संगणकाच्या खोलीसाठी छापून आणलेले चकचकीत कागद होते, लाल ठळक अक्षरांचे. काचेवर लाल उठून दिसेल म्हणून मी त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि मुख्य दारावर, बरोबर माझ्या नाकाच्या उंचीवर, चांगला चारी बाजूंनी चिकटवला. मजकूर वाचला नाही असं नाही. वाचला. पण आपण काचेवर रंग लावतो आहोत, मजकूर नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. कागदावर लिहिलं होतं: 'पादत्राणे बाहेर काढावीत. आदेशावरून.'

संगणकाच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून ते होतं. मुख्य दारावर त्याचा अर्थ सगळ्या सरकारला लागू झाला.

दुपारपर्यंत दाराबाहेर ढीग. आधी एका सरपंचानं काढल्या, मग त्याच्यामागच्या माणसांनी, मग ग्रामसेवकानं, मग आमच्याच दोन लिपिकांनी. कोणी विचारलं नाही की आदेश कोणाचा. लिपिकांना वाटलं नायब तहसीलदारांचा, नायब साहेबांना वाटलं तहसीलदारांचा, आणि आमचे तहसीलदार साहेब नुकतेच पुण्याकडून बदलून आले होते, त्यांना वाटलं ही इथली पूर्वापार पद्धत. साहेब माणूस सरळ होता. दिवस रोवणीचे, चिखलाचे, आणि फरशी मात्र आरशासारखी. त्यांना आनंद झाला. मी कागद काढायची परवानगी मागायला त्यांच्याकडे गेलो, तर मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "ती सूचना तुमची का हो? फार छान. इमारतीची शान राखली पाहिजे."

"हो साहेब," मी म्हणालो.

साहेबांसमोर 'नाही' म्हणायला मी अजून शिकतो आहे.

बाई रजेवरून आल्या त्या बर्फीचा डबा घेऊन. नात झाली होती. दारातच त्यांना बुधाजी भेटला. हा नदीकाठच्या, जंगलाला लागून असलेल्या गावचा म्हातारा. भाऊ वारला होता, जमिनीला आपलं आणि भावजयीचं नाव चढवायचं होतं, आणि त्यासाठी तो पेरणीच्या आधीपासून खेपा घालत होता. नाव चढत नाही तोवर धानाचा बोनस नाही, सोसायटी दारात उभं करत नाही. तो ढिगाच्या भोवती गोल गोल फिरत होता.

"काय पाह्यता, भाऊ?" बाईंनी विचारलं.

"चप्पल पाह्यतो, बाई. इथीच होती."

"काम झालं?"

"चप्पल गेली ना."

"चप्पल नाई विचारून राह्यली. काम."

"साहेबाच्या दारापरेंत गेलतो. मंग म्हनलं, चप्पल पाहून येतो. येऊन पाह्यतो तं नाई."

रज्जाकभाई म्हणाला कुत्र्यानं नेली असेल. बाईंनी दारावरचा कागद वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "हे कोनं लावलं?"

मी म्हटलं, "आदेशावरून."

"कोनाच्या? तुमच्या नाकाच्या?"

बर्फी सगळ्यांना मिळाली. मला उरलेला चुरा मिळाला. आणि पावसाळ्यासाठी मी टेबलाखाली ठेवलेल्या माझ्या निळ्या रबरी चपला मला न विचारता बुधाजीच्या पायात गेल्या. "उद्या या," बाईंनी त्याला सांगितलं. "ह्याच घालून या."

मला वाटलं आता बाई साहेबांशी भांडणार. साहेबांच्या खोलीबाहेर मी काहीतरी शोधतो आहे असं दाखवत उभा राहिलो. आतून आवाज येत होता तो अगदी शांत.

"साहेब, आवारातून वस्तू गेली तं जबाबदारी नाझरची रायते. मले चपलायचा बंदोबस्त करा लागते."

"करा की. एखादा रॅक बसवून घ्या."

"रॅक उघडा रायते. कुलुपाची खोली पायजे, साहेब."

"मग बघा कुठली सोयीची आहे ती. मला काही हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब सकाळी दौऱ्यावर होते. दुपारी परत आले आणि स्वतःच्या खोलीच्या दारात उभे राहिले. भिंतीला लागून वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यावर रांगेत सगळ्या तालुक्याच्या चपला. साहेबांच्या सोफ्यापासून ते राष्ट्रपुरुषांच्या तसबिरींखालपर्यंत.

"हे काय?"

"बंदोबस्त, साहेब," बाई म्हणाल्या. "खजिन्याच्या खोलीत ठेवता येत नाई, तिथं पाहारा हाये. अभिलेखाच्या खोलीत कागद हायेत, ओल लागन. कुलूप अन् कॅमेरा दोनी असलेली खोली एकच हाये. तुमी हरकत नाई म्हनले होते."

साहेब खरोखर सरळ माणूस. शब्द दिला होता. ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले. खिडकी मात्र उघडायला लावली.

मग सुरू झालं ते मी कोपऱ्यातल्या फाईलचं निमित्त करून डोळ्यांनी पाहिलं. कचेरीतलं काम झालेला, न झालेला प्रत्येक माणूस चपला घ्यायला साहेबांच्या खोलीत यायला लागला. जी माणसं आयुष्यात त्या दाराच्या आत गेली नव्हती, ती गेली. पहिली काही माणसं वाकून, चपला छातीशी धरून, मागच्या पावली निघून गेली. मग बुधाजी आला. त्यानं माझ्या निळ्या चपला ओळखल्या, त्या पायाशी घेतल्या, आणि पायात घालता घालता मान वर केली तर समोर साहेब.

"काय काम होतं, बाबा?" साहेबांनी विचारलं. विचारण्यावाचून इलाज नव्हता. दोघांमध्ये फक्त टेबल होतं.

आणि बुधाजी बोलला. भाऊ कधी गेला, भावजय कशी आहे, बांधी कुठली, नाव कोणाचं चढायचं, पेरणीपासून कोण काय म्हणालं, कोणत्या कागदासाठी परत पाठवलं, तो आणल्यावर कोणता दुसरा मागितला. अडखळला नाही. मधे एकदा खाली चपलांकडे पाहिलं, त्या पायातच होत्या, पुन्हा बोलायला लागला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घंटी वाजवली.

"हे प्रकरण कोणाच्या टेबलवर आहे?"

मी कोपऱ्यातच होतो. टेबल माझं होतं.

बुधाजीच्या प्रकरणाचं काम त्याच आठवड्यात झालं. निळ्या चपला मला परत मिळाल्या नाहीत. मागायचं तोंडही नव्हतं. पण तोवर खोलीत ओल्या रबराचा, चिखलाचा आणि गावोगावच्या गाऱ्हाण्यांचा एवढा दर्प कोंदला होता की साहेबांना स्वतःची फाईल वाचायला सवड मिळेना. शेवटी त्यांनी मला बोलावलं.

"तो दारावरचा कागद काढून टाका."

"पण साहेब, इमारतीची शान..."

"काढा हो."

ब्लेड घेऊन मी काच खरवडत बसलो. चिकटवताना हात सढळ ठेवला होता, त्यामुळे 'आदेशावरून'चा कोपरा काही केल्या निघेना. तो अजून आहे. बाई मागे उभ्या होत्या.

"कागद निघाला, तर लोक पुन्हा धडकतील," मी म्हटलं.

त्यांनी पिशवीतून स्वतःच्या कपाळाला लावायच्या टिकल्यांचं पाकीट काढलं, मोठ्या लाल टिकल्या, आणि काचेवर डोळ्यांच्या उंचीला एका ओळीत लावत गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दोन पावलं मागे होऊन बघितलं, जवळून जाणाऱ्या एका बाईला म्हणाल्या, "घालून या, माय, घालून या," आणि आत निघून गेल्या. त्या पांढऱ्या फरशीवर त्यांच्या जाड चपलांचा आवाज जुन्या कचेरीत यायचा त्याहून मोठा येत होता.

पावसाळा सरेपर्यंत दाराबाहेर एखादा-दुसरा जोड दिसायचा. मग तोही दिसेना. फरशी चिखलानं भरायची, सफाईवाली बाई मला शिव्या द्यायची. का मला, ते मी कधी विचारलं नाही.

निरोपसमारंभात भाषणाला मला उभं केलं. माझ्याजवळ ती गोष्ट तयारच होती. मी वैशाखापासून सुरुवात केली, तापलेला रस्ता आणला, अनवाणी बाप आणला, बोट धरलेली लहानगी वनमाला आणली. पहिल्या रांगेत साहेबांनी रुमाल काढला. मी रंगात येऊन बापाच्या पायाला फोड आणणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"माहा बाप बरा होता. त्याचे दोन दोन जोडे होते."

सगळा हॉल हसला. मी कागद चाळायला लागलो. माझ्याजवळ दुसरी गोष्ट नव्हती. मग कोणीतरी मागून ओरडलं, "मंग बाई, एवढं चपलाचं कायले लावून धरलं?"

बाईंना माईक द्यावा लागला नाही.

"मानसानं बाहेर चपला काढल्या का त्याचं ध्यान चपलेत रायते. आत येऊन अर्धंच बोलते अन् पळते. मंग तेच काम घेऊन पुन्हा येते. एसटीचं भाडं लागते, एक रोजी बुडते. चपला पायात असल्या का पुरं सांगून जाते." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या भाऊले वाटते का माह्या घरी कोनी मेलं होतं."

बसल्या.

त्यानंतर आमची भेट नव्हती. त्या ऊर्जानगरला लेकीकडे राहायला गेल्या, नात सांभाळतात, असं रज्जाकभाईकडून कळायचं. जुन्या कचेरीला कुलूप आहे. थांब्याचं नाव अजून कचेरीच आहे, ट्रॅक्टर मात्र हमरस्त्यावरून नव्या इमारतीसमोर चक्कर मारतात. टिकल्या उन्हानं फिक्या झाल्या, मग रज्जाकभाईनं नव्या आणून लावल्या. आताचे साहेब त्याला स्थानिक पद्धत समजतात.

परवा मला चंद्रपूरला जावं लागलं. एका तालुक्याचा अहवाल दुसऱ्याच्या पाकिटात घालून मी वर पाठवला होता, त्याचा समक्ष खुलासा द्यायचा होता. जिल्ह्याची कचेरी मोठी. जिने मोठे, दारं मोठी, पाट्या मोठ्या. साहेबांच्या दालनाबाहेर बाकावर बसून मी खुलासा पाठ करत होतो. शिपायानं माझं नाव पुकारलं. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि काय झालं मला कळलं नाही. वाकलो, लेस सोडल्या, बूट काढून भिंतीशी जोडीनं ठेवले आणि दाराला हात घातला.

"भाऊ."

पलीकडच्या बाकावर नाझरबाई. पेन्शनच्या कसल्याशा दुरुस्तीसाठी आल्या होत्या. केस पांढरे झाले होते, डबा मांडीवर होता, पायात त्याच जाड काळ्या चपला. शेजारी नात झोपली होती, तिच्याही पायात चपला होत्या. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, मग पुन्हा बुटांकडे. शिपाई दार धरून उभा होता.

"बुट घाला," त्या म्हणाल्या. "खुलासा द्याले चालले, अन् मोज्यातून अंगठा बाहेर काढून चालले."